सोन्याच्या कॉन्सन्ट्रेटचं रोस्टिंग: आधी धूर कुठे जाणार ते ठरवा, मग भट्टी पेटवा

सोनं विरघळवणाऱ्या सायनाइडच्या टाकीत ४८ तास ठेवूनही निम्मं सोनं टेलिंगमध्येच, म्हणजे उरलेल्या टाकाऊ गाळातच, निघून जातंय असं दिसलं की बहुतेक प्लांटवर आधी सायनाइड वाढवतात, मग वेळ वाढवतात, मग दळण अजून बारीक करतात, आणि तरी आकडा जागचा हलत नाही. असं झालं की समजायचं, सोनं पायराइट (लोखंड आणि सल्फर) नाहीतर आर्सेनोपायराइट (लोखंड, आर्सेनिक आणि सल्फर) या खनिजाच्या दाण्याच्या पोटात अडकलंय, इतकं बारीक की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतसुद्धा नाही, आणि सायनाइडचं पाणी तिथपर्यंत पोचतच नाही. अशा मालाला रिफ्रॅक्टरी म्हणतात. तो उघडायचा एक जुना आणि अजूनही चालणारा मार्ग म्हणजे रोस्टिंग, म्हणजे कॉन्सन्ट्रेट (खनिजातला दगड काढून उरवलेला सोनं-सल्फाइडचा माल) हवेत भाजायचं, वितळवायचं नाही, फक्त भाजायचं. सल्फर जळून सल्फर डायऑक्साइड होतो, आर्सेनिक ट्रायऑक्साइडची वाफ होऊन उडतं, लोखंड ऑक्साइड होऊन मागे राहतं आणि त्या ऑक्साइडमध्ये बारीक बारीक भोकं पडतात. त्या भोकांमधून सायनाइड आत शिरतं. कॉन्सन्ट्रेटमध्ये सेंद्रिय कार्बन असेल, जो विरघळलेलं सोनं परत शोषून घेतो, तर तोही जळून जातो, हा रोस्टिंगचा फार मोठा फायदा आहे आणि बाकीच्या पद्धतींना तो सहज जमत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. हे पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उघड्यावर करायचं काम नाही. पायराइट भाजलं की सल्फर डायऑक्साइड निघणारच, आर्सेनोपायराइट असेल तर आर्सेनिक निघणारच, आणि गॅस पकडायची सोय नसेल तर ते सगळं आजूबाजूच्या माणसांच्या छातीत आणि पाण्यात जाणार. खाली जे लिहितोय ते परवानगी, गॅस क्लीनिंग आणि लॅब असलेल्या प्लांटसाठी आहे, मुख्यतः जे मेटलर्जी शिकलेत पण रोस्टर जवळून बघितलेला नाही त्यांच्यासाठी.

माल आधी नीट ओळखा

फक्त सोनं आणि एकूण सल्फर काढून रोस्टर डिझाइन करायला बसू नका. सल्फाइड सल्फर वेगळा काढा, आर्सेनिक, अँटिमनी, पारा, शिसं, तांबं, टेल्युरियम आणि सेंद्रिय कार्बन, एवढं सगळं हवं, आणि ते एका सॅम्पलवर नाही तर खाणीच्या वेगवेगळ्या भागातल्या मालावर, कारण खाणीत एका बाजूला दोन टक्के आर्सेनिक आणि दुसऱ्या बाजूला आठ टक्के असं सर्रास असतं आणि रोस्टरला असे हेलकावे अजिबात झेपत नाहीत.

अँटिमनीकडे खास लक्ष द्या. स्टिब्नाइट, म्हणजे अँटिमनीचं सल्फाइड, साडेपाचशे अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणजे बरोबर आपण जिथे भाजणार तिथेच, आणि वितळलं की दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, आतलं सल्फाइड न जळता राहतं आणि भट्टी तुंबते. शिसं जास्त असेल तरी हाच त्रास. त्यामुळे अँटिमनी फ्लोटेशनमध्येच (फेसावर तरंगवून खनिज वेगळं करताना) वेगळं काढता आलं तर काढा, भट्टीत जाऊन ते सुधारत नाही. तांबं असेल तर भाजताना त्याचं सल्फेट होतं आणि ते पुढे सायनाइड खातं. पारा तर सगळाच्या सगळा उडून गॅसमध्ये जातो, त्यामुळे तो थोडासा असला तरी मोजायचाच.

मग कागदावर हिशेब

हा भाग लोक शेवटी करतात, माझ्या मते तो सगळ्यात आधी करायला हवा. समजा दिवसाला १०० टन कॉन्सन्ट्रेट भाजायचंय, त्यात २० टक्के सल्फर आणि ६ टक्के आर्सेनिक आहे. म्हणजे दिवसाला २० टन सल्फर, त्यातून ४० टन सल्फर डायऑक्साइड. त्याचं ॲसिड केलं तर साधारण ६० टन सल्फ्युरिक ॲसिड रोज, आणि ते कोणीतरी रोज उचललं पाहिजे. चुन्याने मारलं तर शुद्ध कळीचा चुना धरला तरी ३५ टन रोज आणि त्यातून निघणारा जिप्समचा गाळ वेगळाच. आणि ६ टन आर्सेनिक म्हणजे जवळजवळ ८ टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड, पांढरी भुकटी, पाण्यात विरघळणारी, विषारी. वर्षाला साधारण २,९०० टन. तिला गिऱ्हाईक मिळणं आता फार अवघड आहे. मग ती कुठे ठेवणार, कशात बांधणार, खाण बंद झाल्यावर कोण सांभाळणार, याचं उत्तर कागदावर लिहिता येत नसेल तर भट्टीचं टेंडर काढू नका.

हे घाबरवायला सांगत नाहीये. कॅनडात येलोनाइफजवळ जायंट माइनमध्ये १९४९ ते १९९९ अशी पन्नास वर्षं आर्सेनोपायराइटचं कॉन्सन्ट्रेट भाजलं गेलं. सुरुवातीची दोन वर्षं गॅस साफ न करताच सोडला जात होता, रोज टनावारी आर्सेनिक आसपासच्या बर्फावर पडत होतं, आणि तिथले मूळनिवासी येलोनाइव्ह्ज डेने लोक पाण्यासाठी तोच बर्फ वितळवायचे. १९५१ मध्ये त्यांच्यातलं एक लहान मूल आर्सेनिकच्या विषबाधेने गेलं. नंतर धूळ पकडायला लागले, पण पकडलेली धूळ जमिनीखालच्या पोकळ्यांमध्ये भरत गेले, आणि आज तिथे २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड आहे, जे पाण्याला लागू नये म्हणून आजूबाजूचा खडकच गोठवून ठेवायचं काम चाललंय. सोनं काढून झालं, कंपनी गेली, धूळ तिथेच आहे. म्हणून माझा आग्रह हाच की गॅस आणि धुळीचं डिझाइन आधी, भट्टी नंतर.

लॅबमध्ये भाजून बघा

मफल फर्नेस, मातीची उथळ डिश, २०० ते ५०० ग्रॅम माल, आणि वर चांगला ओढणारा फ्यूम हूड ज्याच्या मागे स्क्रबर (गॅस धुणारं यंत्र) आहे. माल डिशमध्ये पातळ पसरायचा, एक सेंटिमीटरच्या आत, कारण जाड थर लावला की वरचं भाजतं आणि खालच्याला हवाच मिळत नाही. एकदम ६०० अंशांत ढकलू नका. साडेतीनशे-चारशेपासून सुरुवात करा, हळूहळू चढवा आणि दर दहा मिनिटांनी लोखंडी सळईने ढवळा.

ढवळताना नीट बघितलं तर खूप काही कळतं. चारशेच्या पुढे काळपट करड्या मालावर कडेकडेने लाल ठिणग्या धावायला लागतात, सल्फरची निळसर ज्योत कुठेकुठे दिसते, आणि ढवळलं की खालचा न भाजलेला माल वर येऊन परत पेटतो. या वेळी फर्नेसचा काटा ४५० दाखवत असला तरी जळणारा दाणा त्याच्यापेक्षा कितीतरी गरम असतो, ही गोष्ट मनात पक्की ठेवा, पुढे प्लांटवरही हाच घोळ होतो. हळूहळू ठिणग्या थांबतात, रंग काळ्यावरून चॉकलेटी आणि मग विटकरी लाल होतो. पूर्ण भाजलेला माल मोकळा, मऊ आणि सगळीकडे एकसारखा लाल असतो. थंड झाल्यावर त्यातला एखादा खडा फोडून बघा, आत काळा गाभा दिसला तर काम अर्धवट आहे. चुंबक फिरवा, माल भरभरून चिकटला तर मॅग्नेटाइट (लोखंडाचं काळं ऑक्साइड) किंवा पायरोटाइट (लोखंडाचं अर्धवट भाजलेलं सल्फाइड) उरलंय. आणि लसणासारखा वास आला तर हूड ओढत नाहीये आणि आर्सेनिक तुमच्या नाकात गेलंय, लगेच बंद करून बाहेर पडा, वासावरून आर्सेनिक ओळखायचं हे काम नव्हे.

४५० पासून ७०० पर्यंत पन्नास-पन्नास अंशांच्या टप्प्याने वेगवेगळे नमुने भाजा, प्रत्येकाचं वजन, उरलेला सल्फाइड सल्फर, उरलेलं आर्सेनिक काढा आणि प्रत्येकावर सायनाइडची टेस्ट लावा. ग्राफ काढला की साधारण असं दिसतं: टेंपरेचर वाढेल तशी रिकव्हरी, म्हणजे हाती येणाऱ्या सोन्याचं प्रमाण, चढत जाते, एका जागी टोक गाठते आणि मग खाली यायला लागते, आणि गंमत म्हणजे खाली येताना सल्फर मात्र अजून कमी होत असतो. म्हणजे केमिस्ट्रीच्या दृष्टीने माल छान भाजलाय, पण दाण्याचा पृष्ठभाग वितळून भोकं बंद झालीत आणि सोनं परत आत कोंडलं गेलंय. म्हणून सल्फर किती उरला यावरून रोस्टिंग चांगलं की वाईट ठरवू नका, सायनाइडमध्ये किती सोनं सुटलं यावरूनच ठरवा.

वजनाचा एक मुद्दा, ज्यात नवीन माणसं हमखास गोंधळतात. शुद्ध पायराइट १०० ग्रॅम भाजलं तर साधारण ६७ ग्रॅम हेमाटाइट (लोखंडाचं लाल ऑक्साइड) उरतं आणि आर्सेनोपायराइट असेल तर ४९ ग्रॅमच. म्हणजे सोनं एक कणही न वाढता कॅल्साइनची (भाजलेल्या मालाची) ग्रेड, म्हणजे टनामागचं सोनं, दीडपट-दुप्पट दिसते. टेलिंगची ग्रेड पण तशीच फुगते. त्यामुळे भाजण्याआधीच्या आणि नंतरच्या टेलिंगची ग्रॅम प्रति टन अशी तुलना करायची नाही, एकूण सोन्याचा वजनाने हिशेब करायचा.

आर्सेनिक असेल तर दोन टप्पे

नुसतं पायराइट असेल तर एका टप्प्यात, भरपूर हवेत, ६०० ते ६५० च्या आसपास भाजलं की झालं. पण आर्सेनोपायराइटला सुरुवातीलाच भरपूर ऑक्सिजन दिला तर आर्सेनिक उडायच्या आधीच पूर्ण ऑक्सिडाइज होतं आणि लोखंडाशी जुळून फेरिक आर्सेनेट बनतं, जे उडत नाही, सायनाइडला आत जाऊ देत नाही, आणि सोन्याभोवती नवीन कवच तयार होतं. जे काढायला बसलो तेच आत पक्कं करून ठेवलं असा प्रकार.

म्हणून पहिल्या टप्प्यात हवा मुद्दाम कमी ठेवायची, टेंपरेचर साधारण ५२५ ते ५७५, बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये मोकळा ऑक्सिजन जवळजवळ शून्य. इथे आर्सेनिक ट्रायऑक्साइड होऊन उडतं, लोखंड मॅग्नेटाइटपर्यंत येऊन थांबतं, थोडा सल्फर शिल्लक राहतो, राहू द्या. मग हाच माल दुसऱ्या टप्प्यात, ६०० ते ६५०, इथे हवा जास्तीची, गॅसमध्ये काही टक्के मोकळा ऑक्सिजन दिसला पाहिजे, आणि मॅग्नेटाइटचं हेमाटाइट होतं. दोन टप्प्यांची हवा वेगवेगळी कंट्रोल करता आली पाहिजे. पहिल्या टप्प्याच्या गॅसवरचा ऑक्सिजन ॲनालायझर बंद असेल आणि ऑपरेटर फक्त टेंपरेचर बघून चालवत असेल तर तुम्ही एकाच टप्प्यात भाजताय असंच समजा, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

फ्लुइड बेड चालवताना

जुन्या काळी एडवर्ड्स फर्नेस असायच्या, लांबट, आत फिरणारे फावडे माल ढवळत पुढे ढकलायचे. १९४० च्या दशकाच्या शेवटी फ्लुइड बेड आले आणि कॉन्सन्ट्रेटसाठी आता मुख्यतः तेच बघायला मिळतात. खालून हवा सोडायची, भाजलेला माल त्या हवेवर उकळत्या पाण्यासारखा खळखळत राहतो आणि त्यात नवीन कॉन्सन्ट्रेट सतत पडत राहतं. फीड बहुतेक वेळा स्लरी (पाण्यात कालवलेला माल) म्हणून देतात, ७५ ते ८० टक्के घन. सुरुवातीला बर्नर लावून बेड तापवावा लागतो, पण सल्फर साधारण १६ ते १८ टक्क्यांच्या वर असेल तर नंतर सल्फरच्या स्वतःच्या उष्णतेवर भट्टी चालते आणि उलट पाणी फवारून थंड ठेवावी लागते. सल्फर कमी पडला तर इंधन घालावं लागतं आणि मग खर्चाचं गणित बदलतं, त्यामुळे फ्लोटेशनवाल्यांशी भांडून का होईना, एकसारखा सल्फर मागून घ्या. वेगवेगळ्या ग्रेडचा माल ढिगावर मिसळून मगच फीड करणं याच्यासारखा स्वस्त उपाय नाही.

रोज बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. बेडमधले सगळे थर्मोकपल (टेंपरेचर मोजणाऱ्या तारा) एकमेकांच्या पाचदहा अंशांच्या आत हवेत. एखादा वेगळा पडायला लागला की तिथला माल खळखळत नाहीये, गठ्ठा होतोय. बेडवरचं प्रेशर अचानक खाली आलं तर हवेने एक वाट पकडलीय आणि बाकीचा बेड बसलाय, हळूहळू चढत असेल तर जाड माल किंवा गठ्ठे साठतायत. ब्लोअर ट्रिप झाला तर फीड आपोआप त्याच क्षणी बंद झालंच पाहिजे, हा इंटरलॉक दर शटडाऊनला प्रत्यक्ष ट्रिप करून तपासा. आणि प्रॉडक्शनच्या दबावाखाली फीड वाढवताना हवा त्या प्रमाणात वाढली का ते आधी बघा, टेंपरेचर बरोबर दिसतं म्हणून फसू नका, पाण्याचा फवारा ते बरोबर दाखवत असतो.

गॅस: याचा क्रम चुकवायचा नाही

फ्लुइड बेडमध्ये कॅल्साइनचा मोठा भाग गॅसबरोबर वर उडतो, तो आधी सायक्लोनमध्ये (गॅस गरगर फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या नळकांड्यात) पकडायचा. सायक्लोनमधून सुटलेल्या बारीक धुळीतही सोनं असतं, त्यासाठी गरम इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर (विजेच्या भाराने धूळ पकडणारा), आणि तो गरमच ठेवायचा, साडेतीनशेच्या वर, म्हणजे आर्सेनिक वाफ म्हणूनच पुढे जातं आणि सोन्याची धूळ आर्सेनिकशिवाय हातात येते. त्यानंतर गॅसमध्ये थंड हवा मिसळून तो ११०-१२० अंशांपर्यंत आणायचा, तिथे आर्सेनिक ट्रायऑक्साइडची पांढरी भुकटी होते आणि ती बॅगहाउसमध्ये (कापडी पिशव्यांच्या फिल्टरमध्ये) पकडायची. हे थंड करणं झटक्यात झालं पाहिजे. मधल्या डक्टमध्ये कुठे इन्सुलेशन निघालं असेल, गळकी फ्लँज हवा ओढत असेल, तर आर्सेनिक तिथेच जमायला लागतं, ॲसिडचे थेंब पडून पत्रा खातात, आणि एक दिवस मेंटेनन्सचा माणूस तो डक्ट उघडतो. ॲसिड प्लांट असेल तर बऱ्याचदा बॅगहाउसऐवजी गॅस पाण्याने धुऊन आर्सेनिक काढतात, मग ते पाणी फेरिक मीठ आणि चुना घालून स्थिर गाळात बांधावं लागतं.

पाऱ्यासाठी वेगळी पायरी लागते, कॅलोमेल पद्धतीचा (पाऱ्याचं क्लोराइड बनवून पकडणारा) स्क्रबर किंवा सल्फर लावलेला ॲक्टिव्हेटेड कार्बन. अमेरिकेत नेवाडातल्या रोस्टरांवर पाऱ्याचे नियम २००६ पासून कडक झाले ते उगाच नाही. शेवटी सल्फर डायऑक्साइड, ॲसिड प्लांटमध्ये किंवा चुन्याच्या स्क्रबरमध्ये, आणि मग चिमणी.

कॅल्साइन ते सायनाइड

गरम कॅल्साइन पाण्यात क्वेंच (एकदम थंड) करायचं, धुवायचं, म्हणजे विरघळणारी सल्फेटं निघून जातात, मग दाण्यांवरची पापुद्री फोडायला थोडं दळायचं. क्वेंचचं पाणी ॲसिडी असतं. इथे एक नियम मोडायचाच नाही: आधी चुना, पीएच साडेदहाच्या वर स्थिर दिसू दे, आणि मगच सायनाइड. ॲसिडी स्लरीत सायनाइड पडलं तर हायड्रोजन सायनाइड गॅस निघतो आणि तो माणसाला सावरायला वेळ देत नाही. सायनाइडचा पंप पीएच मीटरशी इंटरलॉक करा आणि मीटर दर शिफ्टला कॅलिब्रेट करा.

माणसं

भट्टी चालू असताना तितका धोका नसतो, खरा धोका शटडाऊनला. बॅगहाउसच्या पिशव्या बदलणं, डक्ट साफ करणं, प्रेसिपिटेटरच्या आत उतरणं, इथे आर्सेनिक अंगावर येतं. अंग झाकणारा सूट, हवा पुरवणारा मास्क, काम झालं की तिथेच शॉवर, आणि कपडे घरी न्यायचे नाहीत, कपड्यांवरची धूळ घरातल्या मुलांपर्यंत पोचते. रोस्टरवरच्या प्रत्येकाची लघवीतल्या आर्सेनिकची तपासणी नियमित व्हावी, आणि तपासणीच्या आधी दोनतीन दिवस मासे-कोळंबी खाऊ नका असं सांगा, कारण त्यातल्या निरुपद्रवी आर्सेनिकने आकडा फुगतो. आकडा वाढलेल्या माणसाला तिथून हलवा, पगार न कापता हलवा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी तपासणीला येणारच नाही. आणि आर्सेनिक असलेल्या मालावर ॲसिड आणि जस्त एकत्र येऊ देऊ नका, आर्सीन गॅस तयार होतो, जस्ताने सोनं पाडणाऱ्या प्लांटमध्ये हे सहज घडू शकतं.

भाजायचंच का?

आर्सेनिक जास्त आणि सेंद्रिय कार्बन कमी असेल तर मी तरी आधी दुसरीकडे बघेन. ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद टाकीत) प्रेशरखाली ऑक्सिडेशन केलं तर आर्सेनिक गॅसमध्ये न जाता लोखंडाबरोबर घन स्वरूपात बसतं. बॅक्टेरियांनी करायची पद्धत दक्षिण आफ्रिकेत फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून चालतेय. ऑस्ट्रेलियात कालगूर्लीजवळचा गिड्जी रोस्टर १९८९ पासून चालला आणि २०१५ मध्ये बंद करून त्याच्या जागी अतिबारीक दळण आणलं. उलट कार्बन भरपूर, आर्सेनिक थोडं, आणि ॲसिड उचलणारं गिऱ्हाईक जवळ, असं असेल तर रोस्टिंग अजूनही भक्कम पर्याय आहे.

रिकव्हरी पडली तर

आधी टेलिंगचा नमुना मायक्रोस्कोपखाली घ्या, उगाच सेटिंग बदलू नका. दाण्याच्या मध्ये चकचकीत पिवळट सल्फाइड उरलंय तर वेळ किंवा हवा कमी पडतेय. दाणा गुळगुळीत, बिनभोकाचा दिसतोय तर टेंपरेचर जास्त झालंय किंवा अँटिमनी-शिसं वाढलंय. दाणा सच्छिद्र आहे, सल्फाइड नाही, तरी सोनं येत नाही आणि टेलिंगमध्ये आर्सेनिक भरपूर, तर पहिल्या टप्प्यात हवा जास्त जातेय. आणि दाणे चांगले, आर्सेनिक कमी, तरी सोनं गायब, तर कार्बन पूर्ण जळलेला नाही, सायनाइडच्या द्रावणातून सोनं परत उचललं जातंय का ते सोनं घातलेल्या द्रावणात टेलिंग ढवळून तपासा. जी शिफ्ट खराब भाजली तिचा माल बाजूला ठेवा आणि थोडा थोडा करून फीडमध्ये परत मिसळा, पण फक्त सल्फाइड उरलं असेल तरच. वितळून बंद झालेला दाणा परत भाजून उघडत नाही, तो बारीकच दळावा लागतो.